नेहमीचे दोन

२० फेब्रुवारी

दादा,

फोन करायचा नाही असं मी ठरवलं आहे. फोनवर तू बोलतोस, मी ऐकते, आणि फोन ठेवेपर्यंत मी कशाला तरी हो म्हटलेलं असतं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

तुझा निरोप आईने दिला. ती निरोपात स्वतःची भर घालते, म्हणून मला कळलं ते लिहिते. चूक असेल तर दुरुस्त कर. विमानाच्या दारावर तुझी जी श्वासचाचणी झाली, ते यंत्र बिघडलेलं होतं. विमानतळावरच्या सगळ्या यंत्रांची तपासणी माझ्याकडे असते. तेव्हा मी चौकशी समितीला तसं लिहून द्यावं, म्हणजे तू पुन्हा विमान चालवू शकशील. आई म्हणाली, "एका पानाचा तर प्रश्न आहे. दिवसभर इतकी पानं लिहितेस, एक भावासाठी लिही."

उत्तर: नाही.

कारणं देते, म्हणजे तुझ्या वकिलाचा वेळ वाचेल. ते यंत्र मी त्याच दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तपासलं होतं. प्रमाणित वायूच्या बाटलीवर तीनदा, तिन्ही वेळा बरोबर. तुझ्या आधी त्याच यंत्रात तुझी सहवैमानिक आणि केबिनमधले चौघे फुंकून गेले. पाचही जणांचा आकडा शून्य. तुझा ०.०३१. वीस मिनिटांनी दुसऱ्यांदा घेतला तेव्हा ०.०३४. यंत्र बिघडलं की आकडा वाटेल तिकडे भरकटतो. पोटातली दारू रक्तात चढत असते तेव्हा तो वरच जातो.

आधी तू खोकल्याचं औषध म्हणालास. मग तोंडात मारायचा पुदिन्याचा फवारा. आता यंत्र. एका आठवड्यात तीन. चौथं सुचलं तर आईमार्फत पाठवू नकोस. तिला खरंच वाटतं.

तुला खाली उतरवलं तेव्हा मी गेटवरच होते, ते तुला माहीत आहे. तुझ्या दोन्ही बाजूंना सुरक्षारक्षक होते आणि तू हसत होतास, जसं काही ते तुला सोबत म्हणून आले आहेत. घोषणा झाली की तांत्रिक कारणामुळे उड्डाणाला उशीर होत आहे. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवरची पिशवी नीट करत म्हणाल्या, "बरं झालं बाई, बिघाड खालीच कळला."

मी हो म्हटलं.

त्याच्या तासभर आधी आपण दोघं कुठे बसलो होतो, ते मी कुठेही लिहिलेलं नाही. अजून कुणी विचारलेलं नाही.

तुझी बहीण


२७ फेब्रुवारी

दादा,

कार्डाचा फोटो मिळाला. त्याखालचा प्रश्नही मिळाला: "अक्षर ओळखीचं वाटतं का, मोजपट्टे?"

वाटतं. माझंच आहे. तीन रकाने, सहा ओळी, पट्टीने आखलेल्या. पहिल्या रकान्यात उड्डाण किती तासांचं, दुसऱ्यात आधी किती प्यायलं तर चालेल, तिसऱ्यात उतरल्यावर अचानक चाचणी घेतली तर यंत्रावर काय दिसेल. तिसऱ्या रकान्यात सहाही ओळींत शून्य. वर प्लास्टिकचं आवरण आहे. ते मी प्रयोगशाळेच्या लॅमिनेशन यंत्रात घातलं होतं, घामाने शाई पसरू नये म्हणून. कोपरे गोल कापले, पाकिटात टोचू नयेत म्हणून. इतकी काळजी मी माझ्या पदवीच्या कागदाचीसुद्धा घेतलेली नाही.

तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते. तू जेवायच्या टेबलाशी बसून म्हणालास, "मोजपट्टे, तुझ्या मशीनला विचार बघ, तीन तासांनी किती उरतं?" वहिनी पाणी ओतत होती, तिचा हात थांबला. तू म्हणालास, "अगं, असंच. माहिती असावी." तोवर तू मला माझ्या कामातलं एक अक्षर विचारलं नव्हतंस. मोजपट्टी हे नावही तू चिडवायला ठेवलेलं. त्या रात्री मी चार पुस्तकं उघडली. तुझं वजन विचारलं. तू तीन किलो कमी सांगितलंस, ते मी धरलं नाही. वर वीस टक्के सुरक्षितता म्हणून वाढवले. उत्तर दोन पद्धतींनी पडताळून पाहिलं. दोन्हीकडून तेच आलं आणि मला फार बरं वाटलं.

दादा, ते कोष्टक बरोबर आहे. आजही बरोबर आहे. फोटोत पुन्हा पाहिलं तेव्हा मी आधी बेरजा तपासल्या. मग ते कशासाठी केलं होतं ते आठवलं.

त्यात चढायच्या आधीचं आहे आणि उतरल्यानंतरचं आहे. मधल्या तासांना रकानाच नाही. त्या तासांत विमान कोण चालवत होतं, त्याच्या रक्तात तेव्हा किती होतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी काढलं नाही. आमच्या धंद्यात हे चालतं. जेवढं विचारलं तेवढंच मोजायचं.

तू लिहितोस की हे कार्ड समितीकडे गेलं तर माझीही नोकरी जाईल, परत कुठली प्रयोगशाळा मला दारात उभं करणार नाही, म्हणून दोघांच्याही भल्याचं असेल ते मी करावं. आणि पुढे: "फाटकाचं विसरलीस वाटतं."

विसरले नाही. मी अठरा वर्षांची होते, गाडी मी ठोकली, आणि बाबांना तू सांगितलंस की तू ठोकलीस. महिनाभर तू चालत कॉलेजला गेलास. आपल्याकडे पद्धतच ती. एकाने करायचं, दुसऱ्याने अंगावर घ्यायचं, आणि आईने म्हणायचं, माझी मुलं किती एकमेकांची आहेत. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशीखालच्या बाटल्या मी माझ्या कॉलेजच्या बॅगेतून बाहेर नेत होते. तेव्हा तू मला शाबासकी दिली होतीस. शाबासकीची मला इतकी सवय लागली की पुढे नेत काय आहे ते मी बघायचं सोडलं.

फाटक लोखंडी होतं. त्याच्या आत कुणी बसलेलं नव्हतं. तुझ्या मागे दर वेळी दीडशेच्या वर माणसं होती.

कार्डाचं तुला जे करायचं ते कर.

बहीण


६ मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला. मला वाटलं तुझं सांगायला. तिने तुझं नावही काढलं नाही. म्हणाली, "मला एकच सांग. मशीन बरोबर होतं ना?"

मी म्हटलं, हो.

"बरं," म्हणाली. "नाहीतर मला वाटायला लागलं होतं की माझंच नाक बिघडलंय." आणि ठेवून दिला.

तिचं नाक चार वर्षं बरोबर होतं. माझ्याकडे तर यंत्र होतं. आता तुला जे माहीत नाही ते लिहिते. तू रागावशील. या एका बाबतीत तुझा राग योग्य असेल.

बारा फेब्रुवारीचा गुरुवार. दर दुसऱ्या गुरुवारी मला विमानाने आमच्या दुसऱ्या केंद्रात जावं लागतं, आणि जमेल तेव्हा तू ड्यूटी त्याच विमानाची मागून घेतोस. आई शेजारणींना सांगते, "भाऊ विमान चालवतो, बहीण मागे बसते, मला काळजीच नाही." तिला वाटतं, तुला माझी सोबत हवी असते. तुला माझी ऑर्डर हवी असते.

पद्धत तुझीच. कामावर हजर होताना खालच्या खोलीत चाचणी, शून्य, वहीत सही. तिथून विमानात जायला अर्धा तास असतो. तेवढ्यात खांद्यावरच्या पट्ट्या काढून खिशात, टाय बॅगेत, वर करडा स्वेटर. चौदा नंबरच्या गेटाजवळचा बार, खांबामागचं टेबल, जिथे कॅमेरा पोचत नाही. ते टेबलही मीच हेरलं होतं, कॅमेऱ्याचा कोन पाहून. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं काम माझं.

बारवाला मला पाहून म्हणाला, "नेहमीचे दोन ना, मॅडम?"

चार वर्षांत मी तिथे एक घोट प्यायलेली नाही. तरी त्या माणसाच्या लेखी मी सकाळी साडेदहाला दोन जिन घेणारी बाई आहे. माझ्याबद्दल त्याला वाईट वाटतं, हे त्याच्या आवाजात येतं. एकदा त्याने मला विचारलंसुद्धा होतं, "काही खाऊन घेता का आधी?"

तो फडक्याने टेबल पुसून गेला. फडक्याला शिळ्या लिंबाचा आणि फिनेलचा वास होता आणि टेबल आधीपेक्षा जास्त चिकट झालं. खारे दाणे वाटीत होते, आधीच्या कुणीतरी चिवडलेले. तू त्यातलेच खाल्लेस, बोटं चाटून परत वाटीत घातलीस. एक ग्लास तुझ्यापुढे सोड्याचा म्हणून, एक माझ्यापुढे. तू तुझा संपवलास, मग न बघता हात लांबवून माझा ओढलास. लिंबाची फोड सालासकट चावलीस. सालाचा तुकडा दातात अडकला तो नखाने काढून ग्लासच्या काठावर ठेवलास. मी हे सगळं पाहत होते, कारण मला दुसरीकडे बघायचं नव्हतं. दुसरीकडे, गेटच्या काचेपलीकडे, विमानाचं दार होतं.

मग तू ती गोष्ट सांगितलीस. तुझ्या सहवैमानिक मुलीने तुझ्या तोंडाला वास येतो अशी लेखी तक्रार केली होती. तू वरच्यांना पटवलंस की तिला तुझी जागा हवी आहे, ती तुझ्या मागे लागली आहे, आणि नाही म्हटल्यावर सूड उगवते आहे. आता तिचीच मानसिक तपासणी लावली आहे, असं तू सांगितलंस आणि तुला हसू आवरेना. "फार लांब नाक बाईचं," तू म्हणालास. "जरा कापून घेऊ दे." आणि मला विचारलंस, "तू का गप्प? हस की."

मी म्हटलं, "पुढे काय झालं?"

"पुढे काय व्हायचंय? आजही माझ्याच शेजारी बसणार आहे. बघू किती वास येतो."

तिच्या तक्रारीचा एक परिणाम मात्र झाला होता, तो तुला माहीत नव्हता. त्या गुरुवारपासून खालच्या खोलीशिवाय विमानाच्या दारावर दुसरी चाचणी सुरू होणार होती. न सांगता. तसं लेखी पत्र माझ्याकडे सोमवारी आलं, कारण दारावर यंत्र ठेवायचं कोणी? मी. सकाळी सात दहाला ते यंत्र मी तपासलं, त्याची पेटी बंद केली, पेटीवर सही केली आणि तुझ्याच विमानासाठी ती चौदा नंबरच्या गेटवरच्या माणसाच्या हातात दिली.

सोमवार ते गुरुवार. तीन दिवस. मी तुला सांगितलं नाही.

बारमध्येही सांगितलं नाही. तू पहिला ग्लास घेतलास तेव्हा नाही, दुसरा ओढलास तेव्हाही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बिल मी दिलं, नेहमीसारखं. तू उठलास, तोंडात फवारा मारलास, माझ्या डोक्यावर टप्पल मारलीस आणि म्हणालास, "चल मोजपट्टे, वर भेटू."

मी म्हटलं, "हो."

आधी मी स्वतःला सांगत होते की ते पत्र गोपनीय होतं, फोडता येत नव्हतं. ते खरं आहे, पण कारण ते नाही. मग सांगत होते की सांगितलं असतं तर तू त्या दिवशी प्यायला नसतास आणि पुढच्या गुरुवारी माझ्याकडून नवीन कोष्टक मागितलं असतंस, आणि मी ते करून दिलं असतं. हेही खरं आहे. पण तेवढंच नाही. "दादा, पिऊ नकोस" हे तीन शब्द मला चार वर्षांत बोलता आले नाहीत, आणि त्या दिवशी न बोलता काम होणार होतं. सुंठीवाचून खोकला. तुला थांबवायचं काम मी यंत्रावर टाकलं आणि वर त्याच्यासाठी दोन ग्लास मागवून दिले.

तुझी मला किळस येते. तुझ्या बोटांची, त्या सालाची, त्या हसण्याची. पण तू निदान तहान लागली म्हणून पीत होतास. मी समोर बसून आकडे धरत होते.

समितीने मला अठरा तारखेला बोलावलं आहे. यंत्राची तपासणी कोणी केली, एवढंच विचारायला. बाकी कुणाला काही माहीत नाही. तू कार्ड दिलं नाहीस, ते मला कळलं. देणार नाहीस हेही कळतं. ते दिलंस तर तुझंही चार वर्षांचं बाहेर येईल. आत्ता फक्त एका दिवसाचं आहे. एका दिवसाची शिक्षा काही महिने. मग तू परत.

तेव्हा झाकली मूठ माझ्या हातात आहे.

बहीण


१९ मार्च

दादा,

काल काय झालं ते तुझ्या वकिलाने सांगितलं असेलच. तो कागदात डोकं घालून बसला होता, त्यामुळे त्याने निम्मं ऐकलं असेल. तू आला नाहीस. बरं केलंस.

छोटी खोली होती. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात जबाब टाइप करणाऱ्या एक बाई. अध्यक्ष निवृत्त वैमानिक आहेत, जाड काचांचा चष्मा. दाराबाहेर सहवैमानिक मुलगी बसली होती. मी तिला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. माझ्यापेक्षा लहान आहे. तिने विचारलं, "तुम्ही मशीनवाल्या ना?" मी हो म्हटलं. "मशीन बंद होतं म्हणणार?" तिने विचारलं. अगदी साधेपणाने, जसं बस उशिरा येणार का विचारावं. मी म्हटलं, "नाही." तिने मान हलवली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि बसावा असं तिच्या अनुभवात काही नव्हतं.

आत गेले. यंत्राचे कागद ठेवले. सात मिनिटांत संपलं. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद. तुम्ही जाऊ शकता."

मी उठले नाही. म्हटलं, "आणखी आहे."

सगळं सांगितलं. बार, खांबामागचं टेबल, ऑर्डर कोणाच्या नावाने असायची ते. कार्ड तुझ्याकडे आहे, म्हणून तिथेच कोऱ्या कागदावर कोष्टक पुन्हा लिहून दिलं. सहाही ओळी पाठ होत्या. सोमवारच्या पत्राचं सांगितलं. सहवैमानिकेची तक्रार तू कशी फिरवलीस, ते तुझ्याच शब्दांत सांगितलं, नाकासकट. तुझा वकील म्हणाला, "बहीणभावांत काही वाद आहे का?" मी म्हटलं, "या पत्रांपर्यंत नव्हता."

आमच्या साहेबांना तिथूनच फोन गेला. माझी सही आजपासून कुठल्याही यंत्रावर चालणार नाही. चार वर्षांत मी तपासलेली सगळी यंत्रं दुसरं कुणीतरी पुन्हा तपासणार आहे. ती बरोबर निघतील. त्याचा आता उपयोग नाही.

आईला मी सांगितलं. तू सांगशील तर त्यात मी दुसरीच कुणीतरी असेन, म्हणून मीच सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "तुझे बाबा असते तर त्यांनी दोघांनाही समजून घेतलं असतं." मी म्हटलं, "हो आई, त्यांनी घेतलं असतं." त्यावर ती उठून आत गेली.

एक राहिलं. वकिलाने नेमकं हेच ऐकलं नसणार, तो तेव्हा बाहेर तुला फोन करत होता.

माझं सांगून झाल्यावर अध्यक्ष बराच वेळ माझ्या कोष्टकाकडे बघत होते. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "हा माझा शेवटचा प्रश्न. चौकशीचा भाग नाही, पण उत्तर नोंदवलं जाईल. त्या दिवशी दारावर मशीन नसतं, तर तुम्ही त्या विमानात चढला असता?"

"हो."

"समोर दोन ग्लास पिताना पाहून?"

"हो. त्याआधीही दर वेळी चढले."

"मागे दीडशे लोक. तुम्ही स्वतः. भीती नाही वाटली कधी?"

मी खोटं बोलू शकले असते. भीती वाटायची म्हटलं असतं तर त्या खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटलं असतं, मलाही.

म्हटलं, "नाही. कोष्टक माझं होतं."

टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अध्यक्षांकडे वळून विचारलं, "हे असंच घेऊ?"

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मी म्हटलं, "असंच घ्या."